बाजार की घरपोच? विचारणाऱ्या ग्राहकासाठी काही गोष्टी

संध्याकाळी मुंबईहून सुटणाऱ्या कल्याण लोकलच्या महिला डब्यात जे दृश्य दिसते, ते आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे आहे. दिवसभर कार्यालयात राबून परतणाऱ्या भगिनी मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलतात, गवार मोडतात, मेथी निवडतात. घरी पोचताच चूल पेटवायची असते, आणि कल्याणपर्यंतचा सुमारे ५४ किलोमीटरचा प्रवास फुकट घालवणे त्यांना परवडत नाही. आता त्याच डब्यात शेजारी बसलेली दुसरी भगिनी फोनवर बोट फिरवून दूध, पीठ, कांदे-बटाटे यांची मागणी नोंदवते. ती डोंबिवलीला उतरून घरी पोचते, तेव्हा सामान दाराशी येऊन थांबलेले असते.

यातील कोणती भगिनी शहाणी, असा प्रश्न घराघरांतून विचारला जातो. आई म्हणते, "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वस्तू घेऊ नये." मुलगा म्हणतो, "आई, तिकडे स्वस्त मिळते आणि पिशवीही उचलावी लागत नाही." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रस्तुत लेखात आम्ही या वादाचा निकाल लावणार नाही. परंतु कष्टाचा पैसा खर्च करताना दोन्हीकडे काय पाहावे, काय विचारावे आणि फसवणूक झाल्यास कोठे जावे, हे समाजबंधू-भगिनींना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना सांगावे, एवढाच आमचा हेतू आहे.

आपला बाजार

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही रेल्वेमुळे वाढलेली शहरे आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी हा मार्ग कल्याणपर्यंत आला. त्यामुळे आपले बाजारही स्टेशनच्या अंगाने पसरले. ठाण्यातील जांभळी नाका, गोखले रोड व राम मारुती रोड, डोंबिवलीतील फडके रोड व मानपाडा रोड, कल्याणातील लक्ष्मी मार्केट ही नावे घरच्यासारखी झाली आहेत. कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती भाजीसाठी आणि फुलांसाठी प्रसिद्ध आहे. शेजारचे उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले व १९४९ मध्ये त्यास हे नाव मिळाले. तेथील फर्निचर आणि कपड्यांच्या बाजारात आपल्यापैकी किती जणांनी लग्नाची खरेदी केली असेल, याची गणती नाही.

बाजारात जाण्याचा पहिला फायदा म्हणजे वस्तू हाताला लागते. वांगे दाबून पाहता येते, कापडाचा पोत बोटांना कळतो, चप्पल घालून चार पावले चालता येते. दुसरा फायदा म्हणजे भाव करता येतो. तिसरा फायदा ओळखीचा. महिनाअखेरीस पगार झाला नसेल तर कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार वहीत नाव लिहून सामान देतो. गिरणी बंद पडली, कारखान्याला टाळे लागले, घरात आजारपण आले, अशा काळात या वहीने किती चुली पेटत्या ठेवल्या, हे आपल्या वस्त्यांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. अशी उधारी फोनवरही 'नंतर पैसे द्या' या नावाने मिळते. परंतु तेथे हप्ता चुकला की दंड लागतो आणि पुढे बँकेचे कर्ज मिळण्यास अडचण येते. वहीवाला दुकानदार फार तर चार शब्द ऐकवतो.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर मुरबाड-शहापूरकडच्या बायका शेवळे, टाकळा, करटोली घेऊन स्टेशनबाहेर बसतात. अशी रानभाजी फोनच्या यादीत क्वचितच सापडते. ती घेतल्याने जो पैसा जातो, तो थेट तिच्या पदरात पडतो.

अर्थात बाजाराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. गर्दी, रिक्षाचे भाडे आणि हातातील ओझे हे सर्व खर्चच होत. गुडघे दुखणाऱ्या आजीला, तान्हे मूल असणाऱ्या मातेला किंवा पाळीत काम करणाऱ्या बांधवाला बाजार नेहमीच सोयीचा असतो असे नाही. शिवाय तराजूत मारणारा, बिल न देणारा आणि "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावणारा दुकानदारही याच बाजारात बसलेला असतो.

घरपोच माल ही नवी गोष्ट नव्हे

पुष्कळांना वाटते की घरबसल्या खरेदी फोन आल्यावर सुरू झाली. वास्तविक टपालाने माल मागवून पोस्टमनच्या हाती पैसे देण्याची व्ही.पी.पी.ची पद्धत आपल्या देशात १८७७ पासूनची आहे. मासिकातील जाहिरात पाहून पुस्तके, औषधे, बी-बियाणे मागवणाऱ्या पिढ्या याच पद्धतीवर वाढल्या. आज ज्याला 'कॅश ऑन डिलिव्हरी' म्हणतात, त्याचे हे जुने रूप होय.

पार्सल अचूक पोचण्यासाठी जो सहा आकडी पिन कोड लागतो, तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. ही पद्धत आखणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी होते आणि संस्कृतचे कवीही होते. देशात एकाच नावाची अनेक गावे आणि पत्ते अनेक लिप्यांत लिहिलेले, यावर त्यांनी आकड्यांचा तोडगा काढला. डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ हा क्रमांक पाहावा. पहिला आकडा ४ हा टपालाचा विभाग दाखवतो. त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड येतात. पहिले तीन आकडे मिळून टपाल छाटणीचा जिल्हा कळतो, आणि शेवटचे तीन आकडे नेमके टपाल कार्यालय सांगतात. आज मोठमोठ्या कंपन्यांचा घरपोच व्यापार याच सहा आकड्यांच्या आधाराने चालतो.

आपल्या भागात घरपोच खरेदीचा एक वेगळा प्रयोगही झाला आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधले. प्रत्येक कुटुंबाने महिन्याच्या सामानाची यादी भरून द्यायची, पंचायतीने सर्वांची मिळून एकत्र खरेदी करायची, सामान एका ठिकाणी उतरवायचे आणि सदस्यांनी ते आपसात वाटून घ्यायचे, अशी ही रीत. मुंबई, ठाणे परिसरातील हजारो कुटुंबांनी ती अनुभवली आहे. यात मालही तपासला जाई, पैसाही वाचे, आणि शेजाऱ्यांची ओळखही वाढे. तत्पूर्वी १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत सुरू झालेला अपना बाजारही ग्राहकांच्या सहकारातूनच उभा राहिला होता.

पुढे २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू झाली, २०१३ मध्ये ॲमेझॉनने भारतात दुकान मांडले, २०१६ मध्ये यूपीआय आले आणि फोनवरून पैसे देणे सोपे झाले. २०२० च्या टाळेबंदीत लोकल बंद झाल्या, बाजार बंद झाले, आणि ज्यांनी कधी फोनवरून मीठही मागवले नव्हते त्यांना ते शिकावे लागले. त्यानंतर काही मिनिटांत किराणा पोचवणाऱ्या कंपन्या आपल्या गल्लीपर्यंत आल्या.

मागणी नोंदवल्यावर काय घडते?

विद्यार्थी मित्रांनी हे समजून घेण्यासारखे आहे. आपण कपडे, भांडी, पुस्तके यांची मागणी नोंदवतो तेव्हा ती बहुधा आपल्या शेजारच्या भिवंडी तालुक्यातील एखाद्या गोदामात पोचते. माणकोली, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या परिसरात, मुंबई-नाशिक महामार्गाच्या आसपास, गोदामांचे जणू एक शहरच वसले आहे. मुंबईत माल आणला की जकात भरावी लागे, म्हणून तो वेशीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. परंतु जागा, रस्ते आणि बंदराची जवळीक यांमुळे गोदामे राहिली आणि वाढली.

गोदामात वस्तू शोधून बांधली जाते. त्यानंतर ती पिन कोडप्रमाणे छाटली जाते. मग टेम्पोने ती आपल्या शहरातील छोट्या केंद्रावर येते आणि तेथून दुचाकीवरचा तरुण ती घरी आणतो. किराणा दहा-वीस मिनिटांत पोचवणाऱ्यांची रीत निराळी आहे. त्यांनी वस्तीजवळच एखादा गाळा घेऊन त्यात माल भरलेला असतो. हा गाळा दिसतो दुकानासारखा, पण तेथे ग्राहकाला आत प्रवेश नसतो. मुले फळीवरून माल काढून पिशवी भरतात आणि दुचाकी निघते.

मग माल स्वस्त कसा मिळतो? एक तर मोक्याच्या जागेचे भाडे वाचते. दुसरे, हजारो नग एकदम खरेदी केल्याने भाव कमी पडतो. तिसरे, ग्राहकाला सवय लागावी म्हणून कंपन्या आरंभी स्वतः तोटा सोसतात. सवय लागली की निरनिराळे आकार हळूहळू बिलात येऊन बसतात. म्हणून आजच्या सवलतीवर वर्षाचा हिशेब बांधू नये.

दुकान म्हणजे काय?

येथे एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी गावच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहून खरेदी केली आहे. पैसे जमिनीवर ठेवायचे, त्यावर दुकानदार पाणी शिंपडणार आणि माल वरून टाकणार. पुडी उघडून "हा गूळ असा का?" असे विचारण्याची सोय नव्हती. ज्याला विचारता येत नाही तो पैसे देऊनही ग्राहक नसतो. तो केवळ याचक ठरतो.

म्हणून भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये ज्या ठिकाणी कोणाही नागरिकास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करता येणार नाही, त्यांत दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा 'दुकान' या शब्दात काय काय येते अशी विचारणा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, हा शब्द केवळ आत प्रवेश मिळण्याच्या मर्यादित अर्थाने योजलेला नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मिळाली पाहिजे, अशा व्यापक अर्थाने तो योजला आहे, आणि आपली सेवा देऊ करणारा प्रत्येक जण त्यात येतो.

ज्या गाळ्यात ग्राहकाला पाऊल टाकता येत नाही असे दुकान त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते. परंतु बाबासाहेबांचा अर्थ घेतला तर फोनमधील दुकान हेही दुकानच होय, असे आम्हास वाटते. तेथे कोणी जात विचारत नाही, पायरीखाली उभे करत नाही, भाव सर्वांना उघड दिसतो. ही मोठी गोष्ट आहे आणि ती मान्य केली पाहिजे. परंतु "या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही" असे उत्तर काही वस्त्यांना मिळते, आणि ते का, हे विचारायला समोर माणूस नसतो. गल्ली अरुंद असेल किंवा कंपनीला परवडत नसेल. कारण काहीही असो, ते कळण्याचा मार्ग ग्राहकाला असला पाहिजे. विचारण्याचा हक्क फार मोलाने मिळाला आहे. काउंटर गेला म्हणून तो सोडून देऊ नये.

दोन मिक्सरची गोष्ट

आमच्या परिचयातील दोन भगिनी एकाच इमारतीत राहतात. एकीने फोनवरून मिक्सर मागवला. सामान आले तेव्हा ती कामावर होती. शेजारणीने ओटीपी सांगून खोके घेतले. तिसऱ्या दिवशी खोके उघडले तर भांड्याला तडा गेलेला. खोके तोवर भंगारवाल्याकडे गेले होते. कंपनीने खोक्याचा फोटो मागितला आणि माल परत घेण्यास नकार दिला. त्याच सुमारास दुसरीने ओळखीच्या दुकानातून मिक्सर घेतला होता, त्याचे भांडे गळू लागले. दुकानदार म्हणाला, "कंपनीला फोन करा." वीस वर्षांची ओळख असल्याने तिने बिल मागितलेच नव्हते.

पहिलीच्या मदतीला महाविद्यालयात शिकणारा भाचा आला. वस्तूचे वर्णन, पैसे दिल्याची नोंद, तड्याचे फोटो आणि तारखा हे सर्व एकत्र करून त्याने कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार पाठवली. दुसऱ्या दिवशी पोच आली आणि तीन आठवड्यांनी पैसे परत मिळाले. दुसरीच्या हाती कागदच नव्हता. तिने नवे भांडे स्वतःच्या पैशाने घेतले. ओळख कितीही जुनी असली तरी बिल मागण्यात कमीपणा नाही, हा धडा आम्ही त्या दोन मिक्सरवरून घेतला.

हिशेब कसा करावा?

समजा, कोपऱ्यावरच्या दुकानात एक किलो तूरडाळ १६० रुपयांना व एक लिटर तेल १५० रुपयांना मिळते. एकूण ३१० रुपये झाले. फोनवर तीच डाळ १५२ व तेल १४४, म्हणजे २९६ रुपये. चौदा रुपये वाचले असे वाटते. परंतु शेवटच्या पानावर घरपोच आकार २५ व हाताळणी आकार १० रुपये लागले, तर रक्कम ३३१ होते. म्हणजे २१ रुपये जास्तच गेले. आकार वाचवण्यासाठी ५०० रुपयांची खरेदी करावी, असे फोन सुचवतो. मग आपण नको असलेले २०४ रुपयांचे सामान टोपलीत टाकतो.

उलट बाजूही पाहावी. घाऊक बाजारात ६० रुपये वाचतात म्हणून जाता-येता रिक्षाला ८० रुपये देणे, हाही शहाणपणा नव्हे. पाकिटांचेही असेच आहे. ४०० ग्रॅमचे पाकीट ६८ रुपयांना आणि ५०० ग्रॅमचे ८० रुपयांना असेल, तर पहिले शंभर ग्रॅमला १७ रुपये व दुसरे १६ रुपये पडते. पाकिटाचा आकार पाहून भाव ठरवू नये. तो ग्रॅमवर ठरवावा.

फोनवरील सापळे

बाजारातील दुकानदार मधाळ बोलून गिऱ्हाईक बांधतो. फोनमधील दुकान अक्षरांनी आणि रंगांनी तेच करते. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या व त्यांत १३ प्रकार सांगितले. त्यांतील काही सर्वांना माहीत असावेत.

"फक्त दोनच नग शिल्लक, पाच मिनिटांत सवलत संपेल" अशी खोटी घाई करणे, हा एक प्रकार. आपण न निवडलेली वस्तू, विमा किंवा देणगी गुपचूप टोपलीत टाकणे, हा दुसरा. आरंभी कमी किंमत दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढवत नेणे, हा तिसरा. सभासदत्व घेणे एका बोटाचे काम, पण सोडणे मात्र भुलभुलैया, हा चौथा. जाहिरात आहे हे न कळू देता ती बातमीसारखी किंवा ग्राहकाच्या अभिप्रायासारखी दाखवणे, हा पाचवा.

यावर उपाय साधा आहे. टोपलीत वस्तू टाकून फोन बाजूला ठेवावा आणि जेवणानंतर पुन्हा उघडावा. खरी गरज रात्रभर टिकते. पैसे देण्यापूर्वी शेवटचे पान ओळ न ओळ वाचावे. अभिप्राय वाचताना पाच तारे देणाऱ्यांपेक्षा दोन-तीन तारे देणाऱ्यांचे म्हणणे अधिक लक्ष देऊन वाचावे. विद्यार्थ्यांनी स्पर्धा परीक्षेची पुस्तके मागवताना विक्रेत्याचे नाव पाहावे. भाव फारच कमी असेल तर पुस्तक चोरून छापलेले असण्याचा संभव असतो, आणि त्यात पाने गळालेली वा आकडे पुसट असतात. "तुमचे पार्सल अडकले आहे, ओटीपी सांगा" असा फोन आल्यास तो बंद करावा. ओटीपी दारात माल हाती घेतानाच द्यावयाचा असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवावे.

कायदा काय म्हणतो?

आपल्या देशात १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याच महिन्यात ऑनलाइन व्यापारासाठी स्वतंत्र नियम आले. सर्वसामान्य ग्राहकाने त्यांतील पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक : बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, मग दुकान गल्लीतले असो वा फोनमधले.

दोन : सदोष माल परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि लिहिली नसेल तर ३० दिवसांत माल परत घेतला पाहिजे. म्हणून भिंतीवरील त्या पाटीला घाबरू नये.

तीन : ऑनलाइन विकलेला माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा असेल तर विक्रेत्यास तो नाकारता येत नाही. वस्तू कोणत्या देशात तयार झाली, परतीच्या अटी कोणत्या, हेही दाखवावे लागते.

चार : प्रत्येक ऑनलाइन कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि एक महिन्यात तिचे निवारण करावे.

पाच : पाकिटावरील कमाल किरकोळ किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत.

तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे दाद न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याची सोय नव्या कायद्याने दिली आहे. म्हणजे कंपनीचे कार्यालय बंगळुरूत असले तरी आपण ठाण्यातच दाद मागू शकतो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावयाची असते. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याचीही सोय आहे.

माल पोचवणारे हात

खरेदीचा विचार फक्त ग्राहकाच्या बाजूने करून चालणार नाही. दाराशी घाम पुसत उभा असलेला तो तरुण पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. पदवी घेऊनही नोकरी न मिळाल्याने तो हे काम करतो. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात अशा कामगारांची संख्या सुमारे ७७ लाख होती, आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज त्यात दिला आहे. कंपनी त्यांना नोकर न म्हणता भागीदार म्हणते. पेट्रोल त्यांचे, दुचाकी त्यांची, पावसात घसरून पडण्याचा धोकाही प्रथम त्यांचाच. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांची कायद्यात प्रथमच व्याख्या केली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

महाराष्ट्राला या बाबतीत स्वतःचा अनुभव आहे. बाजारात पाठीवर गोणी वाहणारे हमालही एकेकाळी कोणाचेच नोकर नव्हते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते संघटित झाले आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. एका मालकाकडे कायम काम नसले तरी मंडळात नोंदणी करून मजुरी, भविष्य निर्वाह निधी व इतर लाभ मिळण्याची वाट त्यातून निघाली. गोणी वाहणाऱ्याला जे मिळू शकले ते पार्सल वाहणाऱ्याला का मिळू नये, याचा विचार आपल्या सुशिक्षित तरुणांनी करावा.

तसेच कोपऱ्यावरचे दुकान, कपड्यांच्या दुकानात उभी राहणारी मुलगी आणि स्टेशनबाहेरची भाजीवाली यांच्या पोटाचाही प्रश्न आहे. सर्वच खरेदी फोनवर गेली तर अडचणीच्या महिन्यात वहीत नाव लिहिणारा कोणी उरणार नाही. म्हणून ताजी भाजी, फळे, मासळी, सुटे धान्य, मापाचे कपडे आणि चप्पल शक्यतो बाजारातून घ्यावी. पुस्तके, सुटे भाग, आपल्या शहरात न मिळणाऱ्या वस्तू आणि ठरावीक कंपनीचा बंद माल भाव तपासून घरपोच मागवण्यास हरकत नाही. आजारपणात आणि म्हातारपणात तर घरपोच माल हा मोठाच आधार आहे.

आपण काय करावे?

शेवटी आमच्या काही सूचना आहेत. बाजारात तराजू शून्यावर आहे की नाही ते पाहून मगच वस्तू त्यावर ठेवू द्यावी. बिल मागावे आणि वर्षभर एका फाइलमध्ये जपावे. घरपोच आलेले खोके त्याच दिवशी उघडावे, उघडताना फोनवर चित्रीकरण करावे, आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोके टाकू नये. महागडी वस्तू मागवताना आपण घरी असू असाच दिवस निवडावा. दारात येणाऱ्या तरुणाला पाणी विचारावे आणि कंपनीच्या चुकीसाठी त्याच्यावर ओरडू नये.

घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून एकदा आईवडिलांजवळ बसून फोनवरील बिलाच्या ओळी त्यांना समजावून सांगाव्यात. त्या बदल्यात आईबरोबर बाजारात जाऊन डाळ कशी पारखावी, मासळीचे कल्ले कसे पाहावेत, हे शिकून घ्यावे. दोन्ही विद्या घरात असल्या पाहिजेत. आपल्या इमारतीतील किंवा चाळीतील दहा-बारा कुटुंबांनी मिळून महिन्याचे धान्य एकत्र घेण्याचा प्रयोगही अवश्य करून पाहावा. ग्राहक पंचायतीने घालून दिलेली ती वाट आजही चालण्याजोगी आहे. यादी फोनवर करता येईल, माल बाजारातून तपासून आणता येईल.

पिशवी हातात घेऊन निघा किंवा फोन हातात घेऊन बसा, "ही वस्तू अशी का, हा आकार कशाचा, बिल कोठे आहे?" हे तीन प्रश्न सोडू नका. हा लेख वाचून एखाद्या भगिनीने उद्या दुकानात न संकोचता बिल मागितले, किंवा एखाद्या विद्यार्थ्याने शेजारच्या आजीला तक्रार लिहून दिली, तर आमचे हे लिहिणे सार्थकी लागले असे आम्ही समजू.